एका तबकडीवर दोन अंमल

सिकंदराबादेच्या पार्कलेन भागात चिनॉय ट्रेड सेंटर या नावाची जी इमारत आहे, आणि जिला हैदराबादेत त्या पूर्ण नावाने क्वचितच कोणी संबोधत असून बहुतेक सारे ‘सीटीसी’ एवढेच म्हणतात, तिच्यात संगणकांच्या विक्रीची, सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने दाटीवाटीने वसलेली आहेत. आणि तेथील कारागिरांपुढे जी नाना प्रकारची गाऱ्हाणी येतात त्यांत एक मागणी अशी असते, की जी उच्चारायला एक वाक्य पुरते, परंतु पुरी करायला बराच विचार लागतो: ‘पुराना वैसाइच रहने देव, बाजू में नया डाल देव.’ जुनी कार्यप्रणाली तिच्यातील साऱ्या दप्तरासकट आहे तशी अबाधित राहावी आणि तिच्याच शेजारी, त्याच यंत्रात, अद्याप रीतसर बाजारात न आलेली, केवळ परीक्षणासाठी खुली केलेली नवी कार्यप्रणाली नांदावी, अशी ही इच्छा असते. ती पुरी होते कशी, तीत धोके कोठे दडलेले असतात आणि मुळात हा उपद्व्याप कोणी व कशासाठी करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कळफलकावरील प्रत्येक आघात, पडद्यावरील प्रत्येक ठिपका आणि तबकडीवर उमटणारी प्रत्येक नोंद ज्या मूलभूत आज्ञासमूहाच्या परवानगीवाचून होऊ शकत नाही, तो आज्ञासमूह म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही तिची परिचित नावे होत. असा प्रचंड आज्ञासमूह सिद्ध करणाऱ्या मंडळींपुढील खरी अडचण बुद्धीची नसून संख्येची असते. जगातील संगणकांत जितक्या कंपन्यांची छपाईयंत्रे, ध्वनिपट्ट, जाळेजोडणीचे भाग आणि पडदे एकमेकांशी जोडलेले असतात, तितक्या साऱ्या जोडण्या कोणत्याही प्रयोगशाळेत मांडून पाहणे अशक्य असते. आणि म्हणून अपूर्ण अवस्थेतील प्रणाली लोकांच्या हाती देऊन, त्यांच्या यंत्रांवर ती काय काय पराक्रम करते हे पाहण्याचा प्रघात पडला. अशा आवृत्तीला ‘प्रिव्ह्यू’ किंवा ‘बीटा’ म्हणतात. हैदराबादकराला या प्रघाताविषयी थोडी अधिक जवळीक वाटावी असे एक कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपले भारतातील विकसन-केंद्र १९९८ साली याच शहरात उघडले, पुढे ते गच्चीबावलीच्या विस्तीर्ण आवारात स्थिरावले, आणि ज्यांनी ४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या कंपनीची मुख्याधिकाराची सूत्रे हाती घेतली ते सत्या नादेला बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलचे विद्यार्थी. अर्थात, असे असले तरी गच्चीबावलीहून पाचसहा कोसांवर राहणाऱ्या काचीगुड्याच्या रहिवाशाला नवी प्रणाली काही एक दिवस आधी मिळत नाही. ती त्याला मिळते ती जगातील इतर साऱ्यांबरोबरच.

या सार्वजनिक परीक्षणाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. विंडोज ९५ बाजारात येण्यापूर्वी तिची पूर्वावृत्ती हौशी मंडळींना १९ डॉलर ९५ सेंट इतक्या किमतीस विकण्यात आली होती. म्हणजे दुसऱ्याच्या मालातील दोष शोधून देण्याचे काम करण्यासाठी लोकांनी पदरचे पैसे मोजले. मॅक ओएस एक्सची सार्वजनिक बीटा आवृत्ती सप्टेंबर २००० मध्ये आली, तिची किंमत २९ डॉलर ९५ सेंट होती आणि पुढील वर्षाच्या मे महिन्यात तिची मुदत संपली. पुढे इंटरनेट स्वस्त झाले तशी ही विक्री थांबून मोफत वाटप सुरू झाले. विंडोज ७ ची बीटा जानेवारी २००९ मध्ये सर्वांना खुली झाली. विंडोज ८ ची विकसकांसाठीची आवृत्ती १३ सप्टेंबर २०११ रोजी आणि सामान्य ग्राहकांसाठीची २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आली, व ही दुसरी पहिल्याच दिवशी दहा लाख वेळा उतरवून घेतली गेल्याचे कंपनीने जाहीर केले. ऑक्टोबर २०१४ पासून तर ‘विंडोज इनसायडर’ या नावाने ही व्यवस्था कायमचीच झाली, आणि तेव्हापासून कोणत्या ना कोणत्या अपूर्ण आवृत्तीचे परीक्षण अखंड चालू आहे.

आता प्रश्न असा, की नवी प्रणाली पाहावयाची तर जुनी ठेवण्याचा अट्टाहास कशासाठी? याचे उत्तर मराठी छापखान्याच्या आणि अक्षरजुळणीच्या धंद्याशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला सांगावे लागणार नाही. हैदराबादेत मराठीचा संसार लहान असला तरी जुना आहे. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था, मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद आणि तिचे ‘पंचधारा’ हे त्रैमासिक यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला. अशा कोणत्याही लहान मराठी संसारात स्मरणिका, लग्नपत्रिका, अहवाल आणि कवितासंग्रह यांची जुळणी दीर्घकाळ ज्या साधनांवर झाली ती साधने म्हणजे पेजमेकर आणि त्याच्या जोडीला पुण्यातून आलेली श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. हे जुने फाँट युनिकोडपूर्व असल्याने त्यांतील मजकूर दुसऱ्या फाँटात उघडला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शिवाय परवान्याची खूण म्हणून संगणकाच्या पाठीमागे जो लहानसा डाँगल खोचावा लागे, त्याला ओळखणारी आज्ञावली जुन्या विंडोजसाठी लिहिलेली. चौसष्ट-बिटी विंडोजने व्हिस्टापासून असा दंडक घातला, की प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीवर अधिकृत डिजिटल स्वाक्षरी असलीच पाहिजे. सोळा-बिटी कार्यक्रमांना तर तिने दरवाजाच बंद केला. एका रात्रीत नवी प्रणाली जुन्यावर चढविली, तर वीस वर्षांचा मजकूर नष्ट होत नाही हे खरे, परंतु तो वाचता येत नाही. आणि ज्याला छपाईची तारीख गाठावयाची आहे त्याच्या दृष्टीने या दोन आपत्तींत फारसा भेद नसतो.

दोन अंमल एकाच भूमीवर चालू शकतात, हे हैदराबादला नवे नाही. या संस्थानाचा स्वतःचा हाली सिक्का होता आणि भारताचा कलदार रुपया होता. १९५० साली भारतीय रुपया येथे रीतसर लागू झाला तेव्हा हाली रुपया त्याच दिवशी रद्द करण्यात आला नाही. सात हाली बरोबर सहा भारतीय, असा दर बांधून दोन्ही नाणी एकाच बाजारात चालू ठेवली गेली. १९५१ पासून हाली काढणे थांबले, आणि तरीही ते कायद्याने बाद व्हायला १९५९ साल उजाडले. ही तजवीज यशस्वी झाली ती दोन गोष्टींमुळे: दोन्ही नाण्यांच्या हद्दी स्पष्ट होत्या आणि कोणते नाणे शेवटी राहणार याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. संगणकातील द्विप्रणालीव्यवस्थेची कसोटी याच दोन गोष्टींवर लागते, फक्त येथे मुदत संपल्यावर जायचे असते ते नव्याला, जुन्याला नव्हे. आणि हा विपर्यास ध्यानात न ठेवल्यामुळेच पुष्कळांची फसगत होते.

हद्दीचा विचार प्रथम करू. यंत्राला वीज मिळताच, कोणतीही कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वी, मदरबोर्डावरील चिपमध्ये कायम कोरलेला एक लहान आज्ञासमूह चालू होतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून सुमारे तीस वर्षे त्याचे नाव ‘बायोस’ असे होते. हा बायोस तबकडीचा अगदी पहिला खंड वाचतो. त्या खंडाचा विस्तार अवघा ५१२ बाइटांचा, आणि त्यातच सारे रहस्य साठविलेले असते. पहिल्या ४४६ बाइटांत पुढील काम कोणाकडे सोपवावयाचे याची आज्ञा, नंतरच्या ६४ बाइटांत तबकडीच्या वाटणीचा तक्ता, आणि शेवटच्या दोन बाइटांत हा खंड खरा असल्याची मोहोर. तक्त्यात सोळा-सोळा बाइटांच्या चारच ओळी बसतात, म्हणून या जुन्या पद्धतीने तबकडीचे मुख्य हिस्से चारापेक्षा अधिक पाडता येत नाहीत. आणि प्रत्येक हिश्शाचा आरंभ व विस्तार ३२ बिटांच्या संख्येने लिहिला जात असल्याने दोन टेराबाइटांपलीकडची जमीन या तक्त्याला दिसतच नाही. चाराची ही मर्यादा वाचताना क्षुल्लक वाटते, परंतु विंडोज ७ च्या काळातील कित्येक लॅपटॉपांत कारखान्यातूनच चारही ओळी भरून येत असत: एक आरंभाचा लहान हिस्सा, एक मुख्य, एक पुनर्स्थापनेचा आणि एक कंपनीच्या अवजारांचा. अशा यंत्रावर पाचवा हिस्सा पाडू पाहिले, की विंडोज मोठ्या अदबीने विचारते, ही तबकडी ‘डायनॅमिक’ प्रकारात बदलू का? येथे अनेकांनी ‘होय’ म्हटले, आणि नंतर लक्षात आले की त्या रीतीने उत्पन्न झालेल्या हिश्शावर दुसरी विंडोज स्थापन होत नाही आणि पूर्वस्थितीकडे परतण्याची वाटही सरळ राहिलेली नाही. या प्रश्नाला नकार देणे हेच इष्ट असते. मग पुनर्स्थापनेच्या हिश्शाची प्रत बाहेर काढून ठेवून तो मोकळा करावा, किंवा दुसरी तबकडीच आणावी.

जागा मोकळी करण्याची क्रिया व्हिस्टापासून विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ मध्येच अंतर्भूत आहे. ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हटले की मुख्य हिस्सा आक्रसतो आणि त्याच्या मागे पडीक जागा उरते. येथे एक चमत्कारिक अनुभव येतो. तबकडीवर दीडशे गिगाबाइट रिकामे दिसत असताना यंत्र मात्र सांगते, की मी पन्नासच सोडू शकतो. याचे कारण असे, की काही फायली जागच्या हलविता येत नाहीत: स्मृतीची पूरक म्हणून वापरली जाणारी पेजफाइल, निद्रावस्थेत यंत्राची स्थिती साठविणारी हायबरफिल, पुनर्स्थापनबिंदूंचा साठा आणि खुद्द फायलींच्या सूचीचे काही भाग. यांपैकी जी फाइल सर्वांत टोकाला बसली असेल तिच्या अलीकडे हद्द येऊ शकत नाही. तेव्हा निद्रावस्था आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून, यंत्र पुन्हा सुरू करून मग आकसवावे, म्हणजे बहुधा पुरेशी जागा निघते. किती जागा हवी याचा अंदाज काळानुसार बदलला. चौसष्ट-बिटी विंडोज ८ ला २० गिगाबाइट पुरत, विंडोज ११ चे नियम ६४ मागतात, आणि परीक्षणाच्या आवृत्त्यांची वारंवार होणारी अद्यतने ध्यानात घेता याच्या दुप्पट जागा ठेवावी असे मला वाटते. आणि हे सारे करण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत त्या यंत्राच्या बाहेर, वेगळ्या तबकडीवर ठेवावी, हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ते आता कोणी ऐकत नाही. तरी ते सांगणे भाग आहे.

हद्दी आखल्या, तरी यंत्र सुरू होताना प्रणालीत शिरण्याचा दरवाजा एकच असतो, आणि त्याचा कबजा कोणाकडे राहतो यावर पुढील सारे अवलंबून असते. विंडोज एक्सपीपर्यंत तो एनटीएलडीआर या कार्यक्रमाकडे होता आणि तो बूट डॉट आयएनआय या साध्या मजकूरफाइलीत पाहून कोणत्या प्रणाली हजर आहेत ते ठरवी. व्हिस्टाने ही व्यवस्था मोडून बूटमॅनेजर आणि त्याची स्वतंत्र नोंदवही आणली. यातून जो नियम निघाला तो आजही टिकून आहे: जुनी प्रणाली आधी, नवी नंतर. नव्या व्यवस्थेला जुन्या प्रणालीचा परिचय असतो. जुनीला मात्र आपल्या पश्चात कोणी जन्मले असेल याची कल्पना असू शकत नाही, आणि म्हणून विंडोज ७ वर मागाहून एक्सपी टाकली, की ती पूर्वीच्या दरवाजावर आपले कुलूप घालून मोकळी होते आणि विंडोज ७ तबकडीवर सुखरूप असूनही दिसेनाशी होते. तिचा आणखी एक उपद्रव थोड्यांनाच माहीत असतो: व्हिस्टा किंवा सातच्या हिश्शावर एक्सपीची नुसती दृष्टी पडली, तरी तेथील पुनर्स्थापनबिंदू पुसले जातात. विंडोज ८ ने निवडीची पाटी चित्रमय केली. ती सुरेख दिसे, परंतु ती दाखविण्यासाठी आठव्या प्रणालीचा बराच भाग आधी जागा व्हावा लागे, आणि तेवढ्यावर आपण ‘सात’ निवडली तर सारे यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. सातलाच आद्य मान दिला की जुनी काळीपांढरी पाटी परत येई आणि हा द्राविडी प्राणायाम टळे.

आताच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने आणि चार ओळींच्या तक्त्याची जागा जीपीटीने घेतली आहे. विंडोजमध्ये जीपीटीत १२८ हिस्से नोंदता येतात, आणि तबकडीवर फॅट३२ पद्धतीचा एक लहान हिस्सा केवळ दरवाजाच्या कामासाठी राखलेला असतो, ज्यात प्रत्येक प्रणालीने आपापल्या नावाची कपाटे ठेवावीत अशी योजना आहे. लिनक्स आणि विंडोज यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी पाळली जाते. परंतु दोन विंडोज एकाच तबकडीवर असतील, तर त्यांचे कपाट आणि नोंदवही समाईकच राहते. म्हणजे मुख्य हिस्से स्वतंत्र असूनही दरवाजाचा तो लहान हिस्सा कोणी कोरा केला तर दोन्ही प्रणाली एकदमच बंद पडतात. शिवाय २०१२ पासून ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा बसला आहे, जो स्वाक्षरी नसलेल्या कोणत्याही आरंभकाला (बूटलोडरला) आत सोडीत नाही. पहाऱ्याचे नियम बाहेरून बदलले तर काय होते याचा पडताळा ऑगस्ट २०२४ मध्ये आला. असुरक्षित ठरलेले जुने आरंभक बाद करणारे एक विंडोज-अद्यतन, दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना वगळले जाईल असे सांगितलेले असूनही, त्यांतील अनेकांवर चढले आणि तेथील लिनक्स सुरू होईना. वापरणाऱ्यांनी त्या दिवशी कोणतीही चूक केली नव्हती. त्यांनी फक्त यंत्र चालू केले होते.

स्थापनेनंतर रोजच्या वहिवाटीत ज्या अडचणी येतात त्या आकाराने लहान, पण चिकाटीच्या असतात. नवी प्रणाली डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून सुरू करून स्थापिली, तर ती स्वतःच्या घराला ‘सी’ म्हणते आणि जुनीच्या घराला ‘डी’. जुनीत परत गेले की हीच अक्षरे उलट होतात, आणि ‘सी वरचे सारे काढून टाक’ असा दूरध्वनीवरून दिलेला सल्ला भलत्याच प्रणालीचा घात करतो. हिश्शांना आधीच ‘जुनी’ आणि ‘परीक्षण’ अशी नावे दिली तर हा घोटाळा होत नाही. विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय यापेक्षा धोकादायक आहे. यंत्र बंद करताना प्रणालीचा गाभा पूर्ण बंद न होता गोठवून ठेवला जातो, तबकडीच्या हिश्शांची स्थितीही त्याच्या स्मरणात तशीच राहते, आणि मधल्या वेळात दुसऱ्या प्रणालीने त्याच हिश्शावर काही लिहिले तर गोठलेली प्रणाली जागी होताच आपल्या जुन्या स्मरणानुसार वागू लागते; मग फायली बिघडतात. दोन प्रणाली नांदणाऱ्या यंत्रात ही सोय बंद करावी, यात दुमत नाही. लिनक्स शेजारी असेल तर घड्याळाचीही एक गंमत होते: मदरबोर्डावरील घड्याळातील वेळ विंडोज स्थानिक समजते आणि लिनक्स जागतिक, त्यामुळे हैदराबादेतले घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकते आणि रात्री नऊ वाजता दुपारचे साडेतीन दाखविते, किंवा दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचे अडीच. एका प्रणालीला दुसरीची रीत शिकविली की हे थांबते. आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीवर बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाचे संरक्षण आहे, त्यांनी ४८ अंकांची पुनर्प्राप्ती-कळ कागदावर उतरवून घेतल्याशिवाय दरवाजाला हातच लावू नये; आरंभाच्या व्यवस्थेत फेरफार झाल्याचा संशय येताच बिटलॉकर ती मागतो आणि ती नसेल तर आपल्याच दप्तरापुढे आपण तिऱ्हाईत ठरतो.

ज्यांना हिस्से पाडण्याची ही सारी भानगड नको आहे त्यांच्यासाठी विंडोज ७ च्या काळापासून एक मधला मार्ग उपलब्ध आहे. संपूर्ण नवी प्रणाली एका मोठ्या फाइलीत, म्हणजे व्हीएचडीत, स्थापावयाची आणि यंत्राला त्या फाइलीतूनच आरंभ करावयास सांगावयाचे. तबकडीची वाटणी जशीच्या तशी राहते, आणि परीक्षण संपले की फाइल पुसली म्हणजे झाले. निद्रावस्था या पद्धतीत चालत नाही, आणि ही फाइल बिटलॉकरने झाकलेल्या हिश्शावर ठेवून चालत नाही. एका प्रणालीच्या आतच खिडकीत दुसरी चालविणारे आभासी यंत्र याहून निर्धोक असते; परंतु छपाईयंत्र, डाँगल, कॅमेरा आणि चित्रपट्ट यांच्याशी नव्या प्रणालीचे कसे जमते हे ज्याला पाहावयाचे आहे त्याला त्या आभासी जगात अर्धेच सत्य दिसते.

यानंतर येतो तो मुदतीचा मुद्दा. परीक्षणाची आवृत्ती ही भाडेपट्ट्याने घेतलेली वस्तू आहे, आणि हा पट्टा आपोआप वाढत नाही. विंडोज ७ ची जी शेवटची परीक्षण-आवृत्ती मे २००९ मध्ये आली, तिची मुदत १ जून २०१० पर्यंत होती. परंतु त्याआधी तीन महिने, १ मार्चपासून, ती दर दोन तासांनी यंत्र बंद करू लागे, अर्धवट लिहिलेले पत्र जपले आहे की नाही याची विचारपूस न करता. हा उद्धटपणा हेतुपुरस्सर होता, आणि त्यावाचून लोक हलले नसते. विंडोज ८ च्या परीक्षण-आवृत्त्यांची मुदत जानेवारी २०१३ च्या मध्याला संपली. आजच्या इनसायडर आवृत्त्यांनाही मुदत असते, ती नवी अद्यतने घेत राहिल्याने पुढे सरकते, आणि कॅनरी किंवा डेव्ह या धाडसी शाखांतून बाहेर पडावयाचे तर कोऱ्या स्थापनेवाचून सामान्यतः गत्यंतर नसते. हा एकच मुद्दा जुनी प्रणाली शेजारी ठेवण्याच्या बाजूने पुरेसा आहे.

इतके सारे करून मिळते काय? चार नवी चित्रे आणि बदललेला मेनू पाहण्यासाठी इतका व्याप करण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मराठीत लिहिणाऱ्याला या परीक्षणात एक असे काम आहे, की जे त्याच्याऐवजी दुसरे कोणी करणार नाही. देवनागरीचा आधार विंडोजमध्ये प्रथम आला तो २००० साली, मंगल या फाँटसह. तेलुगू आणि कन्नड यांना एक्सपीपर्यंत थांबावे लागले. परंतु देवनागरी चालते याचा अर्थ मराठी नीट चालते असा होत नाही. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन वाक्यांत गुरुजन आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे, आणि ते सारे अंतर एका अर्ध्या र च्या वळणावर तोललेले आहे. हिंदी लिहिणाऱ्या परीक्षकाला हे वळण कधी लागतच नसल्याने ते मोडले तरी त्याच्या दृष्टीस पडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वीच्या प्रणालीवर ‘ॲड्रेस’ च्या आरंभी रिकामी चौकट दिसे, आणि आजही कोणी अ वर चंद्र देऊन तेच अक्षर लिहिले तर डोळ्यांना दोन्ही सारखी दिसूनही शोधयंत्राला ती भिन्न वाटतात. मराठी वळणाचे ल आणि श फाँटात असले, तरी मजकूर मराठी आहे हे प्रणालीने ओळखून ते पुढे आणावे लागतात. अक्षरक्रम, शुद्धलेखनाची तपासणी, दिनांकाची मांडणी, कळफलकाची रचना, छापताना जोडाक्षरांचे होणारे हाल, ही यादी बरीच लांबविता येईल. हैदराबादेतच तेलुगूसाठी ‘स्वेच्छा’ या मुक्त-आज्ञावली चळवळीतील तरुणांनी लिनक्सची तेलुगू आवृत्ती सिद्ध केली, ती काही त्यांना इंग्रजी येत नव्हते म्हणून नव्हे. आपल्या भाषेतील दोष आपणच पाहिले पाहिजेत, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून नव्या प्रणालीत शिरल्यावर पहिल्या तासाभरात रंगरूप न्याहाळीत बसण्यापेक्षा एक पानभर अस्सल मराठी मजकूर टंकावा, त्यात दऱ्याखोऱ्या, वाऱ्यावरची वरात, ॲल्युमिनियम आणि कृष्णा घालावेत, तो जतन करावा, छापावा, शोधून पाहावा, जुन्या प्रणालीत उघडून दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात. आणि जेथे भेद दिसेल तेथे पडद्याचे चित्र घेऊन ‘फीडबॅक हब’ मधून ते धाडावे. तक्रार धाडताना ‘मराठी नीट दिसत नाही’ असे मोघम लिहू नये, कारण त्या वाक्यावरून कोणताही अभियंता कोणतीही दुरुस्ती करू शकत नाही; कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या फाँटात, कोणत्या क्रमाने कोणती अक्षरे टंकली असता काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते, ते लिहावे, आणि आवृत्तीचा क्रमांक द्यावा. अंतिम आवृत्ती बाहेर पडण्याची वेळ जवळ आली, की लहान दुरुस्त्या पुढील खेपेसाठी राखून ठेवल्या जातात. तेव्हा परीक्षणाचे जे पहिले काही महिने असतात तेच असे काही सांगण्याचे.

काम आटोपल्यावर नव्या प्रणालीला निरोप देण्याचीही रीत आहे, आणि ती उलट्या क्रमाने गेल्यास घोटाळा होतो. प्रथम जुनी प्रणाली सुरू करून ‘एमएसकॉन्फिग’ मधील आरंभाच्या यादीत तिलाच आद्य मान द्यावा आणि परीक्षणाची नोंद तेथून काढावी. यंत्र एकदा बंद करून सुरू करावे, आणि निवडीची पाटी न दिसता जुनी प्रणाली थेट उघडली, की मगच ‘डिस्क मॅनेजमेंट’ मध्ये जाऊन परीक्षणाचा हिस्सा पुसावा. दरवाजाच्या त्या लहान हिश्शाला हात लावू नये. मोकळी झालेली जागा मुख्य हिश्शात परत मिळविता येते, परंतु ती त्याच्या लगत उजव्या बाजूला असली तरच. दोहोंच्या मध्ये पुनर्स्थापनेचा हिस्सा आडवा बसला असेल तर ‘एक्स्टेंड’ ही आज्ञा फिकट होऊन पडून राहते, आणि अशा वेळी ती जागा तशीच वेगळ्या हिश्शासाठी ठेवून त्यात जुन्या पेजमेकरच्या फायलींची एक जास्तीची प्रत टाकून द्यावी.